उंदराच्या कानातला शेंदूर

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसानं "तुम्ही नोकरीत काय करत होता जी?" असं विचारलं की माझी बायको मला कोपरानं ढोसते. तिला माहीत आहे, मी खरं सांगणार. "उंदराच्या अंगावरच्या पिसवा वेचत होतो," मी सांगतो. मग त्या माणसाचा हात वरणभाताच्या वाटेवरच थांबतो, तो ताट जरा पलीकडे सरकवतो आणि उरलेलं जेवण माझ्याकडे पाठ करून जेवतो. जेव बाबा, सुखानं जेव. तुझ्या घरात जो ताप शिरला नाही त्यात माझाही थोडा हात आहे, पण पंगतीत हे सांगून काय उपयोग!

आमचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्या वर्षी, म्हणजे १९९९ साली, मी हिवताप खात्यात लागलो. हुद्द्याचं नाव 'कीटक समाहारक'. कामठ्यात, म्हणजे माझ्या गावात, हे नाव एकालाही धड उच्चारता येईना. माझ्या मायनं विचारलं, "म्हणजे करतोस काय?" मी सांगितलं, पहाटे गोठ्यातले मच्छर पकडतो आणि सकाळी पिंजऱ्यातले उंदीर. माय म्हणाली, "शिकून शिकून मायं पोट्टं मांजर झालं, बाप्पा!" तरी तिनं गावभर पेढे वाटले. सरकारी मांजर होतं ना.

मच्छरांचं काम सगळ्यांना कळतं. आमच्याकडे घरटी एकाला तरी हिवताप येऊन गेलेला असतो. उंदरांचं काम मात्र समजावून सांगावं लागतं. उंदराच्या अंगावर एक गावच वसलेलं असतं. केसांत पिसवा धावतात, शेपटीच्या मुळाशी गोचीड, आतड्यात जंत, कानात माइट नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव. यातल्या काहींना उंदीर मिळाला नाही तर माणूस चालतो. म्हणून कोणत्या गावातल्या कोणत्या उंदरावर कोण राहतं, हे सरकारला माहीत असावं लागतं. ते माहीत करून देणारा मी.

मला हे काम बिसेन बाबूंनी शिकवलं. आमचे सीनियर, घरी पवारी बोली बोलणारे, ऑफिसात कोणाशीच फारसं न बोलणारे. संध्याकाळी पिंजऱ्यात कांद्याची भजी लावायची, उजाडताच पिंजरा उचलायचा आणि लगेच उंदरासकट कापडी पिशवीत घालून तोंड बांधायचं. "लगेच" या शब्दावर बाबूंचा फार जोर. म्हणायचे, "रामटेके, उंदीर मेला, अंग गार पडलं, की पिसू त्याले सोडून जाते. घर गळाले लागलं की भाडेकरू रायते का?" मग पिशवीत भुलीचा बोळा टाकायचा, उंदीर पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि बारीक कंगव्यानं उलट्या दिशेनं विंचरायचा. जे पडेल ते ओल्या ब्रशनं टिपून स्पिरिटच्या कुपीत. एखाद्या नवरीचे केस विंचरावेत इतक्या मायेनं बाबू घूस विंचरायचे. मी हसलो तर कंगवाच हातात द्यायचे.

भज्यांपायी मात्र लय बोलणी खाल्ली. आम्ही पिंजरे लावायला गेलो की पोरंटोरं मागे, आणि म्हातारे ओट्यावरून, "सरकार उंदराले भजे चारून रायली गा! आमाले कवा चारन?" काही गावांत भजी रात्रीतून गायब व्हायची आणि पिंजरा रिकामा उघडा पडलेला दिसायचा. उंदरांना पिंजऱ्याची कडी बाहेरून उघडता येत नाही, एवढंच सांगतो.

पहिली काही वर्षं आमचे पिंजरे गोंदिया शहरातच लागायचे. प्लेगची भीती वरच्या साहेबांच्या डोक्यातून गेलेली नव्हती, त्यामुळे मालधक्का, धान्याची गोदामं आणि राइस मिल. तिथला मोठा तपकिरी उंदीर आपला नव्हे बरं. तो परदेशी. जहाजातून बंदरात उतरला, बंदरातून मालगाडीत बसला आणि आमच्या तांदळाचा वास घेत गोंदियाला उतरला तो गेलाच नाही. एका मिलच्या शेठजींनी मला दारातच अडवलं होतं. "भैया, गणेशजी की सवारी है. पकडो, मगर मारना मत." मी म्हटलं, "शेठजी, मला उंदीर नको, त्याच्या पिसवा हव्यात." शेठजी खूश. "तो पिस्सू ले जाओ, चूहा यहीं छोड दो!" आणि खरंच, त्यांच्यासमोर भूल देऊन, विंचरून, आम्ही तो उंदीर परत ठेवला. भुलीतून उठून तो झोकांड्या खात पोत्यांच्या थप्पीमागे गेला तेव्हा शेठजींनी हात जोडले. एक हमाल म्हणाला, "अब खुजली भी नहीं रही, दुगना खायेगा साला." बिसेन बाबू मोठ्यानं हसलेले मी तेवढेच पाहिले.

तर सरकारला शहरातला परका उंदीर हवा होता आणि शेतातल्या देशी उंदराला कोणी विचारत नव्हतं. धानाच्या बांधात, आम्ही त्याला धुरा म्हणतो, त्या धुऱ्यात बिळं करून राहणारी घूस, मऊ केसांचा शेतउंदीर, यांचा कोणत्याच आदेशात उल्लेख नसायचा. मी कामठ्याचा, धुऱ्यावर वाढलेला. मला राहवेना. सुट्टीच्या दिवशी गावच्या शेतात दोन-चार पिंजरे लावून पाहिले. सकाळी घूस ट्रेमध्ये घेतली, कंगवा फिरवला, तर पिसवा जेमतेम. आणि कान पाहतो तो काय, कोणीतरी चिमूटभर शेंदूर भरून ठेवावा तसा आत भगवा ठिपका! भिंग लावलं. शेंदूर हलत होता.

मी कुपी घेऊन बाबूंकडे धावलो. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिलं. "माइटची पिल्लं हायेत," म्हणाले. "गवतात जन्मतात, आयुष्यात एकदाच चावतात. उंदीर भेटला तं उंदराले, माणूस भेटला तं माणसाले. पुस्तकात लिहिलं हाये, यायच्या चावण्यानं लय वाईट ताप येते."

"आपल्याकडे येतो?"

"आजवर तं कोणी सापडला नाही."

सापडला नाही, म्हणजे कोणी शोधला नाही. पण हे शहाणपण मला फार नंतर आलं. बाबू निवृत्त झाले, नंतर वारले. मी मात्र जिथं जाईन तिथल्या धुऱ्यावर एखादा पिंजरा लावतच राहिलो. साहेब विचारायचे, "शेतातले उंदीर कशाला रे?" मी म्हणायचो, "माहिती असावी म्हणून, सर." ऑफिसात माझ्या कुप्यांना 'रामटेकेंचं लोणचं' म्हणायचे.

मग तो पावसाळा आला. दोन हजार दहा उलटून गेलं होतं. नवेगाव बांधकडच्या एका गावात पोळ्यानंतर ताप सुरू झाला. गावाचं नाव लिहीत नाही, तिथले लोक अजून मला चहाशिवाय सोडत नाहीत. ताप आला की आमच्याकडे आधी बोटातून रक्त घेतात, हिवतापाचा जंतू शोधतात. जंतू सापडेना. औषध दिलं तरी ताप उतरेना. धडधाकट बाया आडव्या झाल्या, जवळजवळ सगळ्या बायाच, आणि दोघी नागपूरला नेता नेता वाटेतच, कोहमाऱ्याच्या पुढे दगावल्या. गावात मग काय व्हायचं ते झालं. कोणी म्हणे तळ्याचं पाणी, कोणी म्हणे कोणाची तरी नजर.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर शिंदे मॅडम साताऱ्याकडच्या, नवीनच आलेल्या. वय कमी, आवाज बारीक, पण काम करताना पदर खोचलेल्या बाईसारख्या. मला मच्छर शोधायला बोलावलं होतं. मी पहाटेपासून गोठे धुंडाळून त्यांना सांगायला वॉर्डात गेलो, "मॅडम, एवढा ताप यावा इतके मच्छर नाहीत इथं." त्यांच्या समोरच्या खाटेवर वर्षा नावाची पोरगी पडली होती, दोन लहान लेकरांची आई. डोळे तारवटलेले, श्वास भात्यासारखा, तोंडानं काहीबाही बडबड चाललेली. काल नागपूरच्या वाटेवर गेलेल्या दोघी अशाच होत्या, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. गाडी दारात उभी होती.

आणि त्याच वेळी तिथं भांडण पेटलं.

वर्षाची आई अनुसयाबाई आपल्या गावाहून धावत आली होती. लेकीचं लुगडं सारखं करताना तिला कमरेवर, साडी घट्ट खोचतात त्या रेघेत, एक काळा गोल डाग दिसला. झालं! ती तिथंच उभी राहून सासूवर तुटून पडली.

"मायी लेक जाळली वो या बुडगीनं! ताप आला तं दवाखान्यात न्याचं सोडून बिबा लावला! मी आत्ता घेऊन जातो मायी लेक. बाबाकडे झाडफुकीले नेतो, पन या घरात ठेवत नाही!"

इथं बिबा काय ते सांगतो. बिब्ब्याचं गरम तेल सुईच्या टोकानं अंगाला लावायचं, हा आमच्याकडचा जुना उपाय. पोट दुखो, ताप येवो, लाव बिबा. कातडी जळते, काळी खपली धरते. डॉक्टर आणि सिस्टर यावरून इतक्या रागावतात, की घरचे लोक ती गोष्टच लपवतात. दवाखान्यात काळा डाग दिसला की सिस्टर विचारत नाहीत, थेट ओरडतात, "पुन्हा बिबा?" आणि नातेवाईक मान खाली घालतात. कोणी लावला, कधी लावला, हे कोणी विचारायचं नाही आणि कोणी सांगायचं नाही, अशी रीतच पडून गेली होती.

सासू पार्बताबाई. काळी, उंच, धान कापून कापून हात लाकडासारखे झालेले. ती गप्प बसणारी नव्हतीच. "मी लावला? कोनाले इचारून बोलून रायली वो? दोन नातवाईची आन, मी बिब्याले हात नाही लावला! पोळ्याले माहेरी गेलती तवा तूच लावला असशील!"

"तवा तिले तापच नव्हता, तं मी कायले लावीन?"

सिस्टर दोघींना बाहेर हाकलायला निघाल्या. शिंदे मॅडमनी हात आडवा केला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "दोघींपैकी कोणीच नाही लावला?"

कोपऱ्यात वर्षाचा नवरा दिलीप उभा होता. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मले वाटलं मायनं लावला." पार्बताबाई म्हणाली, "अन् मले वाटलं ईनीनं लावला." ईन म्हणजे विहीण. मॅडम खाटेवर वाकल्या, वर्षाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "वर्षा, इथं कमरेवर भाजलं होतं का गं? दुखत होतं?"

वर्षा एवढ्या तापात डोळे उघडून म्हणाली, "कोठी जी? काय झालं तेथी?"

तिला डाग पडलाय हेच माहीत नव्हतं! अहो, बिबा लागला की माणूस आठवडाभर आग आग करतो. हा डाग दुखला नव्हता, खाजलासुद्धा नव्हता. मॅडम सरळ उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे असे काही चमकले की मला अजून दिसतात.

"असा डाग मी पुस्तकातल्या फोटोत पाहिलाय. सिगारेटनं चटका दिल्यासारखा," त्या सावकाश म्हणाल्या. "स्क्रब टायफस. माइट चावते त्या जागी पडतो. पण हा आजार इथं असल्याचं मी कधी ऐकलं नाही." मग वळून माझ्याकडे, "रामटेके, तुम्ही उंदरांचं काम करता ना? इथल्या शेतात ही माइट आहे का हो?"

काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"आहे, मॅडम," मी म्हटलं. "कानभर आहे."

त्यानंतर सगळं भराभर झालं. मॅडमनी शेजारच्या खाटेवरच्या बाईचा हात वर केला. काखेत डाग. तिच्या पलीकडची, छातीखाली डाग. आजवर त्या जागा कोणी पाहिल्याच नव्हत्या. आमच्या बाया लाजऱ्या, डॉक्टर पुरुष असला तर जीभ आणि मनगट याउपर काही दाखवायच्या नाहीत, आणि ज्यांचं दिसलं त्यांचा 'बिबा' ठरला. सिस्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. औषध कोणतं, तर डॉक्सी नावाची साधी कॅप्सूल. केंद्राच्या कपाटात डबे भरून पडलेली!

पण अनुसयाबाई ऐकेना. तिनं लेकीच्या काखेत हात घातला होता, तिला उठवून गाडीत घालून बाबाकडे न्यायचंच होतं. दिलीप मधल्या मधे. मॅडम तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "आई, न्या. पण माझ्या हातानं ही एक गोळी तिला गिळू द्या. मग ठरवा."

अनुसयाबाईनं माझ्याकडे पाहिलं. का माझ्याकडे, देव जाणे. बहुधा दवाखान्याच्या माणसांत मी एकटाच तिच्यासारखं बोलणारा होतो. मी म्हटलं, "बाई, तुमची लेक कोणी जाळली नाही. धुऱ्यावर गवत कापताना तिले किडा चावला. या किड्याले मी ओळखतो. यावर हेच औषध हाये. बाबाजवळ नाही हे औषध."

ती खाली बसली. मॅडमनी वर्षाला पाण्याबरोबर कॅप्सूल दिली, सलाइन लावलं, गाडी दारातच उभी ठेवली. रक्त नागपूरला तपासायला गेलं. आणि आम्ही वाट पाहत राहिलो. दोन्ही विहिणी खाटेच्या दोन बाजूंना, एकमेकींकडे न पाहता. मी जायला निघालो तर पाय निघेना. ही पोरगी गेली असती तर गावानं ती गोळी आणि तो दवाखाना दोन्ही टाकले असते, आणि बाकीच्या बाया घरातच तापून मेल्या असत्या. आमची सगळ्यांची लाज त्या एका पोरीच्या श्वासावर टांगली होती.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना मी मच्छर पकडायच्या नळ्या धूत होतो. आतून सिस्टर ओरडल्या. धावत गेलो, तर वर्षा उशीला टेकून बसलेली, कपाळ घामानं डबडबलेलं आणि सिस्टर तिचा ताप पुन्हा पुन्हा मोजून हसत होत्या. वर्षा म्हणाली, "माय, पेज असन तं दे. लय भूक लागली."

अनुसयाबाई रडायला लागली. पार्बताबाई मात्र पेज आणायला बाहेर पळाली. मॅडम भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि त्यांचे खांदे हलत होते. मीही डोळे पुसले, लाजायचं कशाला! नागपूरचा रिपोर्ट यायच्या आधीच वर्षा घरी गेली. बाकीच्या खाटाही एकेक करून रिकाम्या झाल्या. त्या दिवसानंतर त्या गावातून त्या तापानं एकही माणूस गेला नाही. हे वाक्य मी पुन्हा लिहू शकतो, पण छापणारे रागावतील.

एक खंत आहे, ती इथंच सांगून मोकळा होतो. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या एकाची बायको कामठ्यातच अशी गेली होती, फार आधी. 'हिवतापच आहे, पण रक्तात दिसत नाही,' एवढंच सगळे म्हणत राहिले. तिला डाग होता का, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. अशा किती बाया गेल्या असतील या विचारानं अजून कधीकधी घास उतरत नाही.

असो. खरा सोहळा पुढे झाला. मी दिलीपच्या शेतातल्या धुऱ्यावर पिंजरे लावले. सकाळी जातो तर पिंजरे भरलेले, आणि एकेका घुशीच्या कानात शेंदूर! शाळेच्या ओट्यावर टेबल टाकलं, सूक्ष्मदर्शक मांडला. सारं गाव गोळा. सगळ्यांत पुढे पार्बताबाई. गावात बोभाटा झाला होता ना, हिनं सुनेला डाग दिला म्हणून. पाणवठ्यावर बाया कुजबुजायच्या. तिला तो कलंक धुवायचा होता, आणि तोही चारचौघांत.

तिनं एक डोळा मिटून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग फुटलीच. "हाच का तो मुडदा? एवढुसा? रायीच्या दाण्याएवढा नाही, अन् मले साऱ्या गावात बदनाम करून रायला!"

लोक पोट धरधरून हसले. मी समजावू लागलो. उंदीर हा माइटचा फक्त डबा आहे, जेवणाचा. रोग उंदराचा नाही, तो माइटच्या पिल्लाला त्याच्या आईकडूनच अंड्यातून मिळतो. हे ऐकताच पार्बताबाईनं मान वळवली आणि गर्दीत मागे उभ्या असलेल्या अनुसयाबाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "म्हणजे मायनंच लेकीले देल्लं म्हनता? आयकलं का ईनबाई? सासूचा काही हात नाही यात!"

अनुसयाबाईनं तोंड फिरवलं. ती लेकीला अशक्तपणा होता म्हणून तिथंच राहिली होती, घरकाम करायची, गवत कापायची, पण विहिणीशी एक शब्द बोलत नव्हती. दोघींचं बोलणं वर्षाच्या मार्फत. "वर्षे, तुया सासूले सांग, भाजीत मीठ नाही." "वर्षे, तुया मायले सांग, मीठ तिच्याच बाजूले हाये." एका चुलीवर दोघी, आणि मधे बिचारी वर्षा. माफी मागितल्याशिवाय मी बोलणार नाही, असं पार्बताबाईनं सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. आणि अनुसयाबाई म्हणायची, "मायी लेक मरून रायली होती, तवा तोंडातून काय निंगलं त्याची माफी कायची?"

इकडे पार्बताबाईला नवंच काम लागलं. आरोग्य खात्याच्या आशाताईंबरोबर ती घरोघर फिरायची. कोणी ताप म्हटलं की दार लावून घ्यायची आणि हुकूम सोडायची, "कर हात वर. दाखव कंबर. लाजतेस कायले वो, मलेही तेच हाये जे तुले हाये." तिच्या पुढ्यात कोणाची बिशाद होती लाजायची! डाग दिसला की बाई उचलून दवाखान्यात. बायांना तीच सांगायची, धुऱ्यावर बसून शिदोरी खाऊ नका, गवत कापून आल्या की आधी आंग धुवा, लुगडं बदला, मग लेकराला जवळ घ्या. आमच्या खात्याची पत्रकं कोणी वाचली नाहीत. पार्बताबाईचं मात्र सगळ्यांनी ऐकलं.

एका सकाळी मी आणि मॅडम केंद्राच्या ओट्यावर चहा पीत होतो. समोर ऑटो येऊन थांबली. आतून पार्बताबाई उतरली आणि तिनं कोणाला तरी अक्षरशः खांद्यावर टाकून आणलं. पाहतो तर अनुसयाबाई. तापानं अंग फणफणलेलं, मान लुळी.

"कालपासून तापून रायली, अन् सांगितलं नाही बया," पार्बताबाई धापा टाकत म्हणाली. "मायाशी बोलाचं नाही न तिले! मीच जबरदस्तीनं पायलं. मांडीवर हाये डाग. काढा जी डॉक्टरीनबाई, लवकर काढा ते गोळी. मरू नका देऊ इले. इची मायी माफी मागाची रायली हाये!"

अनुसयाबाई डोळे मिटूनच पुटपुटली, "नाही मागत."

"मंग पयले जग तं खरी! मेल्यावर कशी मागशील?"

मॅडमना हसू आवरेना, मला तर नाहीच नाही. पण पार्बताबाईच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. गोळी तिनं स्वतःच्या हातानं विहिणीच्या तोंडात घातली, पाणी पाजलं आणि खाटेच्या पायथ्याशी फतकल मारून बसली. सिस्टरांनी घरी जा म्हटलं, मॅडमनी म्हटलं, वर्षानं येऊन विनवलं. ती हलली नाही. कपाळावर पट्ट्या ठेवायची, अंग पुसायची, आणि मधून मधून दटावायची, "श्वास घे नीट. घे म्हनतो न!"

ताप लवकर पकडलेला, तेवढाच लवकर उतरला. मी वॉर्डात डोकावलो तेव्हा पार्बताबाई वाटीतली पेज चमच्यानं विहिणीला भरवत होती. आजूबाजूच्या खाटांवरच्या बाया, त्यांचे नातेवाईक, सिस्टर, सगळे कान टवकारून. अनुसयाबाईनं दोन चमचे गिळले, तिसऱ्याला पार्बताबाईचा हात धरला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ईनबाई, चुकलं मायं."

पार्बताबाईनं चमचा वाटीत ठेवला.

"जोरानं बोल," ती म्हणाली. "भांडली होतीस तवा तं साऱ्या वार्डाले आयकू जात होतं."

आणि अनुसयाबाई उशीवरून उठून बसली, आणि जोरानं बोलली.